नेल आत्याची झारी

रीटला नवऱ्याच्या पंचाहत्तरीची काळजी नव्हती. काळजी होती ती खुर्च्यांची.

वाढदिवसाला खुर्च्या गोलात मांडायच्या, सगळ्यांनी एकमेकांच्या गुडघ्यांकडे बघत बसायचं, कॉफीबरोबर केकचा एकच तुकडा घ्यायचा आणि दुसरा हवासा वाटला तरी 'नको, पुरे' म्हणायचं, हे फेरवेय घराण्यात कुणी ठरवलेलं नव्हतं. ते तसंच चालत आलेलं होतं. प्रश्न एवढाच असायचा की कोण कुणाच्या शेजारी. गेली चार वर्षं रीटनं आपल्या दोन्ही मुलांना, ब्रामला आणि योरीनला, गोलाच्या एकाच बाजूला पण मध्ये एक जाड पाहुणा ठेवून बसवलं होतं. समोरासमोर बसवलं तर नजरानजर व्हायची, शेजारी बसवलं तर बोलावं लागायचं. मध्ये जाड माणूस असला की दोन्ही टळायचं. त्यासाठी ती शेजारच्या वीमला दर वर्षी आग्रहानं बोलवायची. वीमला वाटायचं, आपण या घरात फार लाडके आहोत.

या वर्षी तिनं मुलाची आणि मुलीची खुर्ची शेजारी शेजारी लावली, थोडी मागं सरकून बघितली आणि स्वतःशीच हसली.

"वीमला कुठे बसवणार मग?" बास्तियाननं विचारलं. उत्सवमूर्ती नव्या शर्टाची कॉलर सैल करत दारात उभा होता.

"कुठेही बसू दे. त्याचं काम संपलं."

भांडण होतं वीतभर पाण्याचं. योरीन जलमंडळात भूजलतज्ज्ञ. त्याआधी कितीतरी वर्षं ती डॅन्यूबचे पूर आणि नायजरचे दुष्काळ मोजत हिंडली, आणि तोवर घरात तिचं कौतुकच कौतुक होतं. दुसऱ्यांच्या नद्या मोजणारी मुलगी सगळ्यांनाच आवडते. मग ती परत आली आणि आल्या आल्या म्हणाली, आपल्या औडेवेनच्या पोल्डरमधलं, म्हणजे बांध घालून पाणी उपसलेल्या या सखल जमिनीतलं, पाणी वीतभर वर घ्यायला हवं. इथली जमीन म्हणजे हजारो वर्षं पाण्यात मुरलेलं गवत आणि शेवाळ. पंपांनी पाणी खाली उतरवलं की ती सुकते, सुकली की खचते. पण पाणी वर घेतलं की गाईंचे पाय रुततात आणि ट्रॅक्टर पोटावर बसतो, आणि वडिलांकडून शेती हाती घेतलेल्या ब्रामच्या गाई नेमक्या सर्वांत खोलगट कुरणात चरायच्या. "माझी बहीण सगळ्या जगाला बुडण्यापासून वाचवून आली," तो म्हणाला होता, "आणि आता मला बुडवायला निघाली." त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही.

मग दोन वर्षं मोजणी चालली आणि वाद येऊन ठेपला तो कालव्याकाठच्या गल्लीवर. तिथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांबांची डोकी भूजलाखाली राहिली तर ते शतकानुशतकं टिकतात. उघडी पडली की बुरशी लागते आणि घर बसायला लागतं. तिथलं पाणी उतरलेलं निघालं असतं, तर पोल्डरमधलं पाणी वाढवण्यावाचून इलाज नव्हता. पण गल्लीत बसवलेल्या नळ्यांमधलं पाणी दोन कडकडीत उन्हाळ्यांतही जागचं हललं नाही. योरीननं अहवालात लिहिलं: घरं सुरक्षित आहेत, आणखी काही वर्षं सगळं आहे तसंच राहू द्यायला हरकत नाही. एप्रिलमध्ये ब्राम तिच्या दारात येऊन उभा राहिला, त्यानं तिला मिठी मारली आणि तिच्या चांगल्या कोटाला शेणाचा वास लावून तो निघून गेला. तो कोट तिनं महिनाभर धुतला नाही, हे फक्त रीटला माहीत होतं.

येत्या मंगळवारी त्या अहवालावर जलमंडळाच्या सभेत मतदान होतं. ब्रामनं तेवढीही वाट बघितली नव्हती. नव्या गोठ्याचं काम देऊन त्यानं जुना गोठा पाडलासुद्धा. दिवाणखान्याच्या मोठ्या खिडकीतून आता विटांचा ढीग दिसायचा, आणि रीटनं पाहुण्यांसाठी मुद्दाम तिचा पडदा उघडा ठेवला होता. आपला मुलगा शेतीत टिकणार, याचा तो ढीग म्हणजे पुरावा होता.

दहाच्या सुमाराला पाहुणे यायला लागले आणि अभिनंदनाचा गदारोळ उडाला. ज्याचा वाढदिवस त्याचं अभिनंदन करून इथे कुणी थांबत नाही. त्याच्या बायकोचं करायचं, मुलांचं करायचं, शेजाऱ्यांचंही करायचं.

"अभिनंदन, नवऱ्याचं!"

"अभिनंदन, वडिलांचं!"

"अभिनंदन, शेजाऱ्याचं!" वीम प्रत्येकाचा हात हलवत गोलभर फिरला. गाईच्या पायाला औषध द्यायला आलेले जनावरांचे डॉक्टर दारातच सापडले, तर त्यानं त्यांचंही अभिनंदन करून त्यांना खुर्चीत दाबून बसवलं. डॉक्टरांनी केकचा एक तुकडा घेतला आणि दुसरा नको म्हटलं. म्हणजे तेही इथलेच.

नेल आत्या सर्वांत शेवटी आली. ही बास्तियानची थोरली बहीण. ऐंशी ओलांडलेली, लग्न न केलेली, गल्लीतल्या आईवडिलांच्या घरात एकटी राहणारी आणि अजून सायकलवरून हिंडणारी.

"उशीर झाला, पण माझा दोष नाही," ती टोपी काढत म्हणाली. "दार अडकलं होतं. खांदा लावावा लागला. बास्तियान, जरा येऊन रंधा मारून दे."

"गेल्याच महिन्यात मारला की."

"तेव्हा वरून मारलास. आता ते बाजूनं अडकतंय."

योरीनचा काटा केकमध्येच थांबला. "आत्या, आधी वरून अडकायचं आणि आता बाजूनं?"

"जुनं घर आहे गं. मीसुद्धा सगळीकडून अडकते."

सगळे हसले. योरीनही हसली, पण तिनं पुढचा प्रश्न विचारला. "आणि स्वयंपाकघरात वाटाणा पडला तर?"

"थेट पुढच्या दारात जातो. त्यामुळे मी आता तिथेच बसून सोलते. शोधायला नको."

"ही बघा, हिला सुट्टीच्या दिवशीही चैन नाही," ब्रामनं बहिणीच्या खांद्यावर हात टाकला. तो हात कित्येक वर्षांनी तिथे आला होता आणि चांगला जड होता. "डॉक्टर, तुम्हाला हिची गंमत सांगतो. सगळे म्हणत होते गल्लीखालचं पाणी उतरलं असणार. पण नळ्यांत पाणी भरलेलं! का? तर आपल्या जुन्या लोकांनी गल्लीखाली फांद्यांचा थर टाकलाय आणि त्यातून कालव्याचं पाणी घरांखाली झिरपत राहतं. कुणाला माहीत नव्हतं. हिनं डोकं चालवून काढलं. व्हिएन्नाला भाषणाला बोलावलंय तिला यावर! व्हिएन्नाला!"

"फांद्या कुणी बघितल्यात का?" डॉक्टरांनी विचारलं.

"बघायला कशाला हव्यात? आकडे बोलतात," ब्राम म्हणाला. हे वाक्य योरीनचंच होतं आणि ते आता त्याच्या तोंडून ऐकताना तिला आनंद झाला, तरी तिची नजर आत्याकडे वळली.

"आत्या," तिनं हळूच विचारलं, "नळ्यांचं कसं चाललंय?"

गावाचं पाणी गावानंच मोजावं, ही कल्पना योरीनची. गल्लीतल्या तिन्ही नळ्यांची मोजणी नेल आत्याकडे होती. फीत सोडायची, तिच्या टोकाला पितळेची छोटी उपडी वाटी असते, ती पाण्याला टेकली की डुबुक असा आवाज होतो. त्या वेळी नळीच्या तोंडाशी फितीवर जो आकडा असेल तो कळवायचा. फितीवर योरीननं लाल खूण केली होती आणि आत्याला सांगितलं होतं, इथवर खांबांची डोकी आहेत, पाणी या खुणेच्या वर असलं की आपण निश्चिंत.

"उत्तम चाललंय," नेल आत्या म्हणाली. "तुला एकदा तरी चुकीचा आकडा आला का? दर वेळी खुणेच्या वर दोन बोटं."

"म्हणूनच विचारते. दर वेळी दोनच बोटं कशी?"

"मी नीट करते ना आधी." आत्यानं कॉफीचा घोट घेतला. "अगं, पहिल्याच उन्हाळ्यात एका सोमवारी फीत सोडली, तर वाटी वाजेचना. खुणेपर्यंत गेली, खूण आत गेली, तरी वाजेना. म्हटलं, बाई गं! आकडा कळवायची वेळ झाली आणि माझ्या बागेतली नळी कोरडी! जलमंडळाला काय वाटेल? मग आणली झारी."

"झारी," योरीन म्हणाली.

"आणि भरली. खुणेच्या वर दोन बोटं. उगाच जास्त नाही हं. तेव्हापासून आधी नळी नीट करते, मग मोजते. तिन्ही."

"तिन्ही?"

"मग? शेजाऱ्यांच्या कोरड्या ठेवायच्या आणि माझी तेवढी भरायची? बरं दिसतं का ते?"

गोलात कुणालाच यात वावगं दिसलं नाही. दर शरद ऋतूत जलमंडळाची माणसं चर तपासायला येतात. त्याआधी घरोघरचा माणूस आपल्या वाट्याच्या चरातलं गवत उपटतो, काठ बांधतो, पाणी वाहतं करतो. ज्याचा चर घाण निघेल त्याच्यावर गाव वर्षभर हसतं. नेल आत्याच्या चरात आजवर गवताची काडी सापडली नव्हती. तपासणी यायची असली की आधी सगळं नीटनेटकं करायचं, यात चुकीचं काय?

"बरोबर आहे," वीम म्हणाला. "आपल्याकडून कमी पडायला नको."

डॉक्टरांनीही मान डोलावली. संपूर्ण गोलात त्या झारीचा अर्थ तिघांनाच कळला. योरीनला कळला. तीस वर्षं शेतकऱ्यांतर्फे जलमंडळावर बसलेल्या बास्तियानला कळला. आणि ब्रामला कळला, कारण त्याचा हात बहिणीच्या खांद्यावरच होता आणि ती दगडासारखी ताठ झालेली त्याला समजली.

त्यानं हात काढून घेतला.

योरीन उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सुरू करून नुसतीच उभी राहिली. ब्रामनं आत येऊन तो बंद केला.

"पाणी तरी वाया घालवू नकोस," तो म्हणाला. नेहमीसारखा चिडवायचा प्रयत्न होता, पण तो फसला. "किती जणांना कळलंय?"

"तुला आणि मला."

"आणि बाबांना. त्यांनी साखर न घालताच कॉफी प्यायली." त्यानं खिडकीबाहेर बघितलं. इथूनही तो ढीग दिसत होता. "म्हणजे फांद्या नाहीत."

"असतील. पण मी त्या अंदाजानं घातल्यात. पाणी का हलत नाही याचं काहीतरी कारण हवं होतं."

"दोन वर्षं, योरीन! नायजरच्या वाळूत पाणी शोधतेस आणि आपल्या आत्याची झारी तुला दिसली नाही?"

"नाही दिसली." ती त्याच्याकडे वळली. "आकडे इतके शहाण्यासारखे यायला लागले तेव्हाच कळायला हवं होतं. पाणी कधी असं वागत नाही. पण मला तेच हवं होतं. घरं सुरक्षित निघाली तर तू माझ्याशी बोलशील, हे रोज डोक्यात असायचं. म्हणून मी उलटसुलट तपासलं नाही. दुसऱ्या कुणाच्या गावी तपासलं असतं."

ब्रामला तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. पण तिनं ते सगळं स्वतःच बोलून टाकलं होतं, आणि त्याचाच त्याला जास्त राग आला.

तेवढ्यात बास्तियान दोन्ही हातांत रिकाम्या बशा घेऊन आत आला. त्याच्या मागोमाग रीट धावत आली.

"तू बशा उचलल्यास?" तिनं नवऱ्याच्या हातांकडे बघितलं, मग मुलांकडे. "काय झालंय?"

तिला सांगितलं. मग तिनं विचारलं, "नेलचं घर पडणार?"

"आज उद्या नाही," योरीन म्हणाली. "पण बसायला लागलंय. दार उगाच नाही अडकत. आणि एक घर बसलं की पूर्ण रांग बसते."

"मंगळवार जाऊ दे," बास्तियान शांतपणे म्हणाला. सभागृहात अवघड ठराव पुढे ढकलताना तो याच आवाजात बोलायचा. "मतदान होऊ दे. मग तू म्हण की पुन्हा एकदा मोजणी करायची आहे. वर्षभर मोज, दोन वर्षं मोज. कुणाचं काय बिघडतंय?"

"तुझ्या बहिणीचं बिघडतंय," रीट म्हणाली. "तू त्या घरात जन्मलास, बास्तियान."

"आणि गाई माझ्या मुलाच्या आहेत. त्याचा गोठा अंगणात आडवा पडलाय. काय करू, सांग?"

रीटनं मुलाकडे बघितलं आणि तिचा आवाज मऊ झाला. "योरीन, एकदा ठराव झाला की बदलता येतच नाही का? बाबा म्हणतात तसं, थोडंसं थांबून?"

"आई, तूसुद्धा?"

"मी विचारतेय फक्त."

आईवडिलांनी आपली बाजू घ्यावी असं ब्रामला लहानपणापासून वाटायचं. हुशार मुलगी सगळं कौतुक घेऊन जायची. आज दोघंही त्याच्या बाजूला उभे होते आणि त्याला शरमल्यासारखं होत होतं. तिनं गप्प बसावं असं त्याला मनापासून वाटत होतं. असं वाटणं त्याला मुळीच आवडत नव्हतं.

"सगळे इथे का लपलात?" दारात नेल आत्या उभी होती. "तिकडे वीम बटाट्याच्या रोगाबद्दल बोलतोय. एकटीनं ऐकायचं का मी?" मग तिनं चौघांचे चेहरे बघितले. "मी काहीतरी करून बसले."

योरीननं तिला स्टुलावर बसवलं आणि शेजारी उकिडवी बसून समजावलं. नळीतलं पाणी झारीनं भरलं तर मोजली जाते ती झारी, घराखालचं पाणी नाही, एवढंच सांगितलं. आत्या हुशार होती. तिला अर्ध्यातच कळलं. तिनं मांडीवरची टोपी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"मला वाटलं मी मदत करतेय," ती म्हणाली. "तुझी पहिलीच मोजणी गावातली. तुझ्या नळ्या कोरड्या दिसायला नकोत म्हणून... माझ्यामुळे तू लोकांसमोर खोटी पडणार?"

"तुझी चूक नाही, आत्या. आधी भरू नकोस, हे मी सांगायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही की कुणी भरेल."

आत्या एकदम मान वर करून म्हणाली, "मी सांगते मी थट्टा केली. बाहेर जाऊन आत्ता सांगते. म्हातारीचं बोलणं कोण मनावर घेतं?"

"नेल, घर तुझं आहे," रीट म्हणाली.

"मला पुरेल ते. दार बाजूनं अडकलं तर मी खिडकीतून येईन. ब्रामला अजून तीस वर्षं काढायचीत." तिनं भाच्याच्या दंडावर थोपटलं. "लहानपणी माझ्याकडेच असायचा हा. माझ्या घरापायी याच्या गाई विकायच्या? छे."

आता चौघं एका बाजूला होती, आणि जिचं घर चाललं होतं तीच सर्वांत पुढे. योरीनला रडू फुटलं. तिला आत्याचा राग आला, आत्याची मायाही वाटली, आणि आपण डॅन्यूबलाच राहिलो असतो तर बरं झालं असतं असंही वाटून गेलं.

"गल्लीत बाकीची घरं आहेत," ती नाक पुसत म्हणाली. "तिथे तान्ही मुलं असलेली माणसं राहायला आलीत. त्यांनी माझा अहवाल वाचून घरं घेतलीत. त्यांनाही खिडकीतून यायला सांगू का?"

बाहेरून वीमचा आवाज येत होता. बटाट्याचा रोग आता शेजारच्या गावात पोचला होता.

"कदाचित," ब्राम म्हणाला, "न भरताही पाणी वर असेल. फांद्या असतील. तो एकच उन्हाळा वाईट असेल. आत्या, शेवटची कधी भरलीस?"

"मागच्या सोमवारी."

"मग आत्तापर्यंत ते सगळं झिरपून गेलं असेल," योरीन म्हणाली. "आज नळीत जे असेल ते खरं."

"मग चल. बघू या."

"आत्ता?" रीट दचकली. "आणि पाहुणे?"

पाहुण्यांना चीज, मोहरी आणि सॉसेजचे काप देऊन गुंतवायचं ठरलं. पण घरची पाचही माणसं मागच्या दारानं निघाली हे वीमनं बघितलं. "कुठे निघालात?"

"नळी मोजायला."

"मग आम्हीही येतो की!" वीम म्हणाला. बसून बसून सगळ्यांचे गुडघे आखडले होते. जिनचे छोटे प्याले हातात घेऊन पंचाहत्तरीची सगळी मिरवणूक कालव्याच्या काठानं निघाली. डॉक्टर तेवढे मध्येच गाईकडे गेले.

नेल आत्याच्या बागेत डेलियाची फुलं माजली होती. झारी पायरीवर होती. आत्यानं ती चटकन उचलून शेडमध्ये टाकली. योरीननं नळीचं झाकण काढलं, फीत हातात घेतली आणि जराशी थांबली. मग तिनं ती ब्रामपुढे धरली.

"तू मोज."

"मी? तज्ज्ञ तू आहेस."

"आज मी तज्ज्ञबिज्ञ कुणी नाही. मी मोजलं तर तू जन्मभर म्हणशील, बहिणीनं बुडवलं. तू मोज. तू सांगशील तो आकडा मी मंगळवारी सभेत सांगणार. दुसरं एक अक्षर बोलणार नाही."

"मी काहीही सांगू शकतो."

"हो."

बास्तियाननं हातातला प्याला कुंपणाच्या खांबावर ठेवला. पोरीला वेड लागलंय, असं त्याला वाटलं. जलमंडळाला कळलं तर नोकरी जाईल हिची. आणि दुसरीकडे त्याचं शेतकऱ्याचं डोकं भराभर चालत होतं: आकडा दिसणार एकट्या ब्रामला. एक शब्द बोलला की कुरण वाचलं, गोठा उभा राहिला. बोल, पोरा, असं तो मनात म्हणाला, आणि लगेच बहिणीकडे बघवेना म्हणून डेलियाच्या फुलांकडे बघायला लागला.

ब्राम गवतात पालथा पडला. एवढा मोठा देह, लग्नाचा सूट अजून अंगाला बसतो म्हणून आज मुद्दाम घातलेला. त्यानं वाटी नळीत सोडली आणि कान नळीच्या तोंडाशी लावला. योरीन त्याच्याकडे पाठ करून कालव्याकडे तोंड करून उभी राहिली. तिला फीत नळीला घासल्याचा आवाज येत होता. तिला भीती वाटत होती, आणि ती त्याच्या खोटं बोलण्याचीच नव्हती. तो खरं बोलला तर त्याचं काय होईल, याचीही होती.

"कुजबुजू नका," रीट पाहुण्यांना म्हणाली.

"लाल खूण आत गेली," ब्राम मोठ्यानं म्हणाला. त्याचा आवाज जमिनीला लागून येत होता. "वाजलं नाही."

फीत घासत राहिली.

मग ती थांबली. इतर कुणाला काही ऐकू आलं नव्हतं. ब्राम तसाच पडून होता, आणि इतका वेळ पडून होता की वीमनं काळजीनं विचारलं, "झोपला का?"

"वाजलं," ब्राम म्हणाला. "एक मीटर एकाहत्तर. खुणेच्या खाली जवळजवळ हातभर."

"पुन्हा मोज," बास्तियान म्हणाला.

त्यानं पुन्हा मोजलं. तेवढंच आलं. मग तो उठला, गुडघ्यांचा चिखल न झटकता शेजारच्या बागेत गेला, तिथे पालथा पडला. मग त्याच्या पलीकडच्या. प्रत्येक वेळी सगळी मिरवणूक प्याले सांभाळत मागोमाग गेली आणि प्रत्येक वेळी त्यानं आकडा ओरडून सांगितला. एकही खुणेच्या वर नव्हता. नेल आत्या तिसऱ्या नळीपाशी मोठ्यानं रडायला लागली आणि रीटनं तिला जवळ घेतलं.

तिसऱ्या नळीपाशी ब्रामला उठता येईना. त्यानं हात वर केला. योरीननं तो धरून ओढला आणि दोघंही पडता पडता राहिली. त्याच्या छातीभर गवत चिकटलं होतं आणि डोळे लाल झाले होते. त्यानं तिचा हात सोडला नाही.

"ऐक," तो म्हणाला. "मंगळवारी मी सभेला येणार. तुझ्या विरुद्ध बोलणार. मोठ्यानं. टेबलावर मूठ आपटून."

"बोल."

"तुला वाईट वाटेल असंही बोलेन. गोठ्याचं बोलेन."

"बोल ना, ब्राम."

"पण कुणी म्हणालं ना, की हिचा आकडा खोटा आहे..." त्यानं मोकळ्या हातानं छातीवरचं गवत झटकलं. "तर मी उभा राहून सांगणार, तो मी मोजलाय."